ट्रेसिंगरावांचा ओटा

आमच्या विद्यापीठाच्या बांधकाम खात्यात माणसाला खऱ्या नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. मी सुतारशाळेचा मुख्य, म्हणून मिस्त्री. दारं-खिडक्या बसवणारा माझा जोडीदार, तो बिजागरी. एक साहेब होते, त्यांना प्रत्येक कागदावर ‘पुन्हा सादर करा’ लिहायची सवय. त्यांना काय म्हणत असतील ते तुम्हीच ओळखा. आणि नकाशांच्या खोलीत, उंच स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून बसायचे ते ट्रेसिंगराव.

त्यांचं काम असं. मोठे साहेब लोक नकाशा काढत आणि हे त्यावर पातळ, आरपार दिसणारा कागद पसरून रेघ न् रेघ शाईने उतरवत. त्या कागदाला ट्रेसिंग म्हणतात. एकतीस वर्षं हेच. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. रचना कोणाची, तपासलं कोणी, मंजूर कोणी केलं, ते तिच्यात लिहितात. त्यात सगळ्यात खाली, उंदराने अंग चोरून बसावं एवढा एक खण असतो, ‘नक्कल’. ट्रेसिंगरावांची सही त्या खणात. विद्यापीठात एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण एकीवरही त्यांची स्वतःची म्हणावी अशी रेघ नव्हती.

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. भूमितीत मास्तरांनी मला भोपळा दिला, आणि पुढे पंधरा वर्षांनी त्याच मास्तरांच्या खुर्चीचा मोडका पाय मी काटकोनात बसवून दिला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘अरे, हे तुला तेव्हा का येत नव्हतं?’’ मी म्हटलं, ‘‘तेव्हा तुम्ही फळ्यावर काढत होतात, लाकडावर नाही.’’ तर सांगायचं काय, नकाशा वाचायला मला शिकवलं ते ट्रेसिंगरावांनी. हळू आवाजात, न चिडता. एकदा शिकवून झालं की ‘‘बरं मग’’ म्हणायचे आणि पुन्हा भिंतीकडे वळायचे. त्यांचं ‘बरं मग’ म्हणजे दार लावून घेतल्यासारखं असायचं.

राहायला ते कर्मचारी वसाहतीच्या मागच्या रांगेत, शेवटच्या खोलीत. आई होती तोवर दोघं होते. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं यांनी केलं, त्यात लग्नाचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, कोणी विचारलं नाही आणि यांनी काढलं नाही. आई गेली, मग एकटे. एकदा पावसाळ्यात त्यांचं दार फुगलं म्हणून मी रंधा घेऊन गेलो, तर चौकटीवर पेन्सिलच्या बारीक बारीक खुणा. प्रत्येक खुणेशी तारीख. मला वाटलं काहीतरी हिशोबाचं असेल. म्हणाले, ‘‘भाचे आहेत. बहीण पत्रातून त्यांची उंची कळवते, मी इथे लावतो.’’

‘‘येतात का इकडे?’’

‘‘लांब पडतं त्यांना,’’ ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, ‘‘मोठा आता माझ्या कानापर्यंत आलाय.’’

ती मुलं त्या दारातून एकदाही आत आलेली नव्हती. मी चौकटीच्या त्या बाजूला रंधा लावला नाही, दुसऱ्या बाजूने जास्त घासलं. दार अजूनही किंचित तिरकं लागतं.

कचेरीत एक वाजला की सगळे जेवायला उठत. हे उठत नसत. सगळे परत यायच्या बेताला, एक वाजून वीस मिनिटांनी, बोर्ड आडवा करून डबा उघडायचे. डावीकडे डबा, उजवीकडे उघडं वर्तमानपत्र, समोर भिंत. मी किती वेळा म्हटलं, ‘‘राव, चला मेसमध्ये. गरम तरी मिळेल.’’ उत्तर ठरलेलं, ‘‘गर्दी असते हो.’’

त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले असताना नव्या भोजनगृहाचं निघालं. कागदोपत्री भोजनगृह, बोलताना मेसच. जुनी मेस म्हणजे पत्र्याची शेड. उन्हाळ्यात आत बसलेल्याला अन्न गरम करून घ्यावं लागत नसे. नवीन इमारत एका वेळी सहाशे मुलामुलींना पुरेल अशी हवी होती, आणि वरून हुकूम आला होता की तिच्यात आपल्या मुलखाची परंपरा दिसली पाहिजे आणि आधुनिकताही दिसली पाहिजे. बाहेरून एका मोठ्या सल्लागाराकडून नकाशा मागवला. त्याने सगळी काच लावली आणि परंपरा म्हणून दर्शनी भिंतीवर बैलगाडीचं एक चाक टांगलं. कुलगुरूंनी बघितलं आणि म्हणाले, ‘‘विमानतळ छान आहे. जेवायचं कुठे?’’

आमच्या मुख्य इंजिनियर साहेबांची पंचाईत झाली. हाताशी दुसरा कोणी नव्हता. त्यांनी ट्रेसिंगरावांच्या बोर्डावर तो नकाशा टाकला आणि म्हणाले, ‘‘राव, एवढी वर्षं लोकांचे नकाशे उतरवलेत, आता एक तुमच्या डोक्यातला काढून बघा. समितीला पटला तर तोच बांधू. नाही पटला तर हे चाक आहेच.’’

साहेब सहज बोलून गेले. ट्रेसिंगरावांनी मात्र नवीन कोरा कागद बोर्डावर लावला आणि पहिलं काय केलं असेल, तर खालची चौकट आखली. ‘रचना’ या खणात अजून काही लिहिलं नाही, पण तो खण त्यांनी नेहमीपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, मोठा काढला. मी ते बघितलं.

पंधरा दिवस कागद कोराच. एके सकाळी सुतारशाळेत आले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, बरं का. एरवी मीच त्यांच्याकडे जायचो. म्हणाले, ‘‘मिस्त्री, सुट्टी टाकता का एक दिवस? जुन्या बाजारातली धान्याची वखार पाडणार आहेत. पाडायच्या आत मोजून घेऊ.’’

गेलो दोघं बसने. वखार म्हणजे मधे मोठं अंगण, चहूबाजूंनी उतरतं कौलारू छप्पर, जाड लाकडी खांब. खांब बघून माझा तर जीव हरखला. एवढं सरळ लाकूड आता स्वप्नातही येत नाही. मी खांबांना हात लावत फिरत होतो आणि ट्रेसिंगराव मात्र खाली वाकून भिंतीलगतचा दगडी ओटा मोजत होते. सबंध भिंतीभर लांब, बसल्यावर गुडघा काटकोनात येईल एवढा उंच, पाठ टेकायला भिंत. म्हातारा पहारेकरी काठी टेकत आला.

‘‘काय मोजताय? विकायचा नाही हो तो.’’

‘‘इथे कोण बसायचं, बाबा?’’ ट्रेसिंगरावांनी विचारलं.

‘‘गाडीवान बसायचे. जोडीने आलेले मधे अंगणात कोंडाळं करून जेवायचे, आरडाओरडा, हसणं, सगळं. एकटा आलेला असेल तो इथे ओट्यावर. पाठीला भिंत, समोर सगळं अंगण. बघत बघत जेवायचा. त्याला कोणी विचारायचं नाही, तू एकटा का म्हणून. ओटा त्यासाठीच तर होता.’’

ट्रेसिंगरावांनी टेप गुंडाळली. बसमधून उतरताना म्हणाले, ‘‘परंपरा म्हणतात ती ही असावी. चाक नव्हे.’’

त्यानंतर पेन्सिल थांबली नाही. उतरतं छप्पर, पण ते पेलायला लोखंडी कैच्या, म्हणजे मधे खांबांचं जंगल नको. वरून उजेड. स्वयंपाकघर वाफेवर चालणारं, भांडी धुवायला यंत्र, धूर ओढून घेणारे पंखे. मधोमध लांब लांब टेबलं, आणि खिडक्यांच्या समोरच्या लांब भिंतीला सलग ओटा. दगडाचा ओटा, वर लाकडी फळी, समोर जेवायला पंधरा इंचांची अरुंद फळी, तिचे पाय जमिनीतच रोवलेले. ओट्यावर बसलं की सगळं जेवणघर समोर दिसावं. नकाशा इतका देखणा, की मी घरी जाऊन आमच्या मंडळींना सांगितलं, ‘‘बघ, इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं पाणी सुटलंय.’’

आमच्या सुतारशाळेची एक रीत होती. मोठं काम करायच्या आधी ते खऱ्या मापात जमिनीवर खडूने आखायचं आणि कच्च्या फळ्यांचा एक तुकडा उभा करायचा. कागदावर सगळ्यांनाच सगळं पटतं. फळीवर बसलं की कळतं. समितीसाठी मी एक लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना बाकं ठोकली, नकाशात दिली तशी, आणि बाकांवर खडूने एकेकाची जागा आखली. इंजिनियर साहेब, कुलसचिव, मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई, आणखी तीन-चार जण आले आणि खडूच्या खुणांवर बसले.

बसले, आणि एकमेकांकडे बघायला लागले.

‘‘मीठ द्या हो,’’ साहेब म्हणाले. आम्ही खरं दिसावं म्हणून मिठाची एक बाटली ठेवली होती. कुलसचिवांनी हात लांबवला. पोचेना. कमरेतून वाकले. तरी पोचेना.

‘‘याला टपालाने पाठवावं लागेल,’’ रेक्टरबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मग एकाने गंमत म्हणून तोंडाला हात लावून शेजारच्याला हाक मारली, ‘‘ओऽ पलीकडच्या गावचे!’’ आणि हसून हसून मुरकुंडी. साहेबांनी पट्टी मागितली आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं. तीन फूट. एका माणसाला तीन फूट! मग त्यांनी नकाशातल्या टेबलांवरच्या जागा मोजल्या. सहाशे हव्या होत्या, बसत होत्या चारशे.

‘‘राव, हे माप कुठून आणलंत?’’

ट्रेसिंगरावांचे कान लाल झाले होते. मला ते माप कुठून आलं ते त्या क्षणी समजलं, आणि असं वाटलं की कोणाला न सांगता तिथून निघून जावं. डावीकडे डबा, उजवीकडे वर्तमानपत्र. जेवणारा माणूस म्हणून त्यांनी जो एकमेव माणूस मोजला होता, तो ते स्वतः. शेजारी कोणी बसलंय अशी त्यांना सवयच नव्हती. कागदावर हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण रेघा बिनचूक होत्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आठ दिवस दिले. ‘‘आठ दिवसांत नीट करा. नाहीतर मला चाक लावावं लागेल, राव. माझाही नाइलाज आहे.’’

सगळे गेल्यावर ट्रेसिंगराव जमिनीवरच्या खडूच्या रेघा पायाने पुसत उभे राहिले. मी म्हटलं, ‘‘रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला या. टेप घेऊन या. आम्ही सात माणसं एका टेबलाला बसतो, हवी तेवढी मापं घ्या.’’

‘‘तुम्हाला त्रास...’’

‘‘त्रास कसला? तुम्ही नाही आलात तरी आम्ही जेवणारच आहोत.’’

आले. घट्ट विंचरलेले केस, इस्त्रीचा शर्ट, खिशात टेप, आणि हातात, खोटं नाही सांगत, स्वतःचा डबा. जेवायला बोलावलेला माणूस डबा घेऊन आला! माझी मंडळी दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘‘भावजी, हे काय?’’

‘‘नाही, म्हटलं... तुमच्यावर भार नको.’’

‘‘आणा इकडे तो.’’ तिने डबा हातातून घेतला, उघडला, आणि त्यातली भाजी सगळ्यांच्या ताटांत चमचा चमचा वाढून टाकली. ‘‘झालं. आता तुम्हीच आम्हाला जेवायला घातलंत. बसा.’’

आमचं टेबल मी लग्नाच्या वर्षी चौघांसाठी केलेलं. सुताराच्या घरी टेबल वाढवायला सुताराला वेळ नसतो, म्हणून चौघांच्या टेबलाला सात जण. ट्रेसिंगरावांना मधे बसवलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा मुलगा. बिचारे हात अंगाशी घट्ट धरून, दोन कपाटांमधे अडकलेल्या छत्रीसारखे बसले. कोणाचा हात पाण्याला जायचा, कोणाचा भाताला, आणि प्रत्येक वेळी ते ‘‘माफ करा’’ म्हणायचे. सुनेला हसू आवरेना.

‘‘काका, इथे माफी मागत बसलात तर जेवण संध्याकाळपर्यंत चालेल.’’

हळूच त्यांनी टेप काढली. माझ्या खांद्यापासून स्वतःच्या खांद्यापर्यंत. मग उठून समोरच्या बाजूला गेले आणि मंडळी आणि सूनबाई यांच्या मधे टेप धरली.

‘‘काय मोजताय, भावजी? माझी कंबर?’’

‘‘नाही, नाही! कोपर... म्हणजे... जागा,’’ ते गडबडले, आणि माझ्या मुलाने ताटात तोंड घालून हसून घेतलं. ‘‘एकवीस इंच,’’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘‘एकवीस इंचांत जमतं तुमचं?’’

‘‘जमतं कुठे?’’ मंडळी म्हणाली. ‘‘ही रोज माझ्या ताटातलं लोणचं पळवते, आणि मी हिच्या ताटातला पापड. लांब बसलो असतो तर केव्हाच भांडण झालं असतं.’’

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी वाकून बघितलं. एकवीस इंच, त्याखाली ‘ताटात हात पोचतो’.

जेवण झाल्यावर ते जायला उठले आणि दारात बराच वेळ चपला शोधत राहिले. चपला समोरच होत्या. मंडळीने धुतलेला डबा हातात दिला, म्हणाली, ‘‘पुढच्या रविवारीही या.’’ ते म्हणाले, ‘‘हो, बघतो.’’ आले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘माप मिळालं होतं की, मिस्त्री.’’

आठव्या दिवशी नवा नकाशा समितीपुढे. लांब टेबलांवर, एकवीस इंचांना तीन इंच सैल धरून, प्रत्येकी दोन फूट. मी पुन्हा फळ्या ठोकल्या, सगळे पुन्हा बसले, मीठ फिरलं. बरोबर सहाशे. कुलसचिवांनी बाकावर थाप मारली आणि म्हणाले, ‘‘आता कसं, माणसांत बसल्यासारखं वाटतं.’’ मी ट्रेसिंगरावांकडे बघून डोळा घातला. म्हटलं, झालं आता.

पण साहेबांची पट्टी नकाशावरून फिरत भिंतीपाशी थांबली.

‘‘हा ओटा. यावर अजून तीन-तीन फुटांनी माणसं बसवलीत तुम्ही.’’

‘‘हो.’’

‘‘तो काढला तर तिथे टेबलांची आणखी एक रांग येते. साठ जागा वाढतात. आणि राव, जेवणघर म्हणजे सगळ्यांनी मिळून बसायचं ठिकाण. भिंतीला पाठ लावून एकट्याने बसायची शिकवण आपण मुलांना कशाला द्यायची? ओटा काढू. बाकी सगळा नकाशा मंजूर. वर तुमचं नाव.’’

आता विचार करा. नाव मिळत होतं. रचना या मोठ्या खणात. फक्त मान हलवायची होती. मी सुतार माणूस, दाराशी उभा. मनातल्या मनात म्हणत होतो, हलवा हो, राव, हलवा मान.

ट्रेसिंगराव उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांना समितीपुढे उभं राहिलेलं कोणी बघितलं नव्हतं. टेबलाची कड धरून, नकाशाकडे बघत, नेहमीच्याच हळू आवाजात ते बोलायला लागले.

‘‘मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात जुन्या मेसमध्ये जेवायला गेलो होतो. चौघांचं टेबल होतं, मी एकटा बसलो. थोड्या वेळाने एक मुलगा आला, म्हणाला, ही खुर्ची मोकळी आहे का? मी म्हटलं, हो. तो घेऊन गेला. मग दुसरा आला. चांगली मुलं होती, विचारूनच नेत होती. मग तिसरा. पुढे मी चौघांच्या टेबलाला एकाच खुर्चीवर बसून जेवत होतो, आणि सगळी मेस मला बघत होती असं मला वाटत होतं. बघत नसेलही. पण मी पुन्हा तिथे गेलो नाही.’’

त्यांनी नकाशातल्या ओट्याच्या रेघेवर बोट ठेवलं.

‘‘एकट्याच्या टेबलावरच्या खुर्च्या लोक उचलून नेतात, साहेब. त्यात कोणाची चूक नसते. पण दर वर्षी लांबून आलेली नवी मुलं असतात. पहिले काही दिवस त्यांच्याबरोबर कोणी नसतं. लांब टेबलावर बसायचं तर आधी, इथे कोणी आहे का, असं विचारावं लागतं. ज्याला विचारता येत नाही तो खोलीवर जाऊन बिस्किटं खातो. ओटा असला तर त्याला विचारावं लागणार नाही. ओट्यावरून काही उचलून नेता येत नाही.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘ओटा काढायचा असेल तर माझं नाव घालू नका. तो मग माझा नकाशा नाही.’’

आणि खाली बसले. दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. कुलसचिव खिडकीबाहेर बघत होते. शेवटी रेक्टरबाई बोलल्या. त्या फटकळ बाई, मुलींचा जीव त्यांना घाबरून अर्धा झालेला असायचा. म्हणाल्या, ‘‘माझ्या वसतिगृहात दर जूनला सहा-सात पोरी अशा असतात. खोलीत केराच्या डब्यात बिस्किटांचे कागद सापडतात, आणि मी त्यांना खोलीत खाल्लं म्हणून रागावते.’’ मग साहेबांकडे वळून, ‘‘साठ जागांचं काय घेऊन बसलात? सहाशे मागितल्या होत्या, सहाशे मिळाल्या. ओटा राहू दे.’’

राहिला. कुलसचिवांना मात्र परंपरा डोळ्यांना दिसायलाच हवी होती, म्हणून ते चाकही आलं; पण दारावर नाही, बाहेरच्या आवारात, आणि मुलं आता त्याला सायकली टेकवून ठेवतात.

दीड वर्ष बांधकाम चाललं. ट्रेसिंगराव मधेच निवृत्त झाले, पण रोज सकाळी येऊन कडेला उभे राहायचे. गवंड्यांना काही सांगायचे नाहीत, नुसते उभे. गवंडी मला म्हणाले, ‘‘मिस्त्री, हे साहेब बघायला लागले की आमची भिंत आपोआप सरळ येते.’’ ओट्यावरच्या फळ्या मी स्वतः केल्या. समोरच्या फळीत दर सहा फुटांवर आत शिरायला वाट ठेवली, कडा गोल केल्या. फळ्यांचं काम चाललं त्या सहा महिन्यांत ते माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं आधीच्या पंधरा वर्षांत बोलले नसतील, आणि तेही सगळं लाकडाबद्दल.

जेवणघर सुरू झालं त्या दिवशी बांधकामावरच्या सगळ्यांना घरच्यांसह जेवायला बोलावलं होतं. आमची सात माणसं मधल्या लांब टेबलावर एका ओळीत बसली. मंडळीने आपल्या आणि माझ्या मधे दोन फुटांची जागा राखून ठेवली होती, त्यावर आपली पिशवी ठेवून. कोणी विचारलं की म्हणायची, ‘‘आमचे भावजी यायचेत.’’

ट्रेसिंगराव ताट घेऊन आले. आम्हाला बघितलं. मंडळीने पिशवी उचलली, हात केला. ते टेबलापर्यंत आलेही, ताट हातात धरून उभे राहिले, त्या दोन फुटांकडे बघत. मग माझ्याकडे वाकून म्हणाले, ‘‘मिस्त्री, मला दोन फूट पुरत नाहीत आता. वहिनींना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. हे मी मुलांसाठी मोजलं होतं.’’

आणि गेले ओट्याकडे. टोकाची एक जागा सोडून, पाठ भिंतीला लावून बसले.

मंडळीने रिकाम्या जागेवर पिशवी परत ठेवली नाही. ती जागा तशीच राहिली. मी थोडा वेळ जेवलो. मग ताट उचललं आणि ओट्यावर, त्यांच्या शेजारी, म्हणजे तीन फुटांवर, जाऊन बसलो. त्यांनी मान वळवली नाही. समोर सहाशे माणसांचा कल्ला चाललेला, वरून उजेड पडलेला, आणि ते खरोखर बघत बघत जेवत होते.

‘‘ती पाचवी फळी,’’ ते म्हणाले, ‘‘डावीकडून. जरा वर आलीय.’’

‘‘ओलं लाकूड होतं. उद्या रंधा मारतो.’’

‘‘उद्या नको. आठ दिवस वाळू द्या.’’

तेवढ्यात एक मुलगी आली. नवीच असावी, कारण ताट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि कोणाकडे बघायचं नाही असं ठरवून चालत होती. टेबलांच्या रांगेपाशी थबकली, मग सरळ ओट्याकडे आली आणि ट्रेसिंगरावांच्या पलीकडे बसली. काही विचारलं नाही. पाठ टेकली, आणि जेवायला लागली.

तीन फूट होते मधे. कोणालाच सरकायची गरज नव्हती. तरी ट्रेसिंगरावांनी आपला पाण्याचा पेला उचलला आणि तिच्या बाजूने काढून आपल्याकडे ओढून घेतला.